कमी तिखटाचा डबा

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं आई मला लहानपणी दिवसातून एकदा तरी म्हणायची. मी अंधाराला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे, मिलचा भोंगा वेळेवर वाजला नाही तर त्यालाही भ्यायचे. वडील मिलमध्ये टाइमकीपर होते, आणि भोंगा चुकला म्हणजे आत काहीतरी भयंकर झालं असणार, असं माझ्या मनानं घेतलं होतं. अशा मुलीनं मोठेपणी घरातून पळून आलेल्या बायकांना लपवून ठेवण्याची नोकरी धरावी, हा ब्रह्मराक्षसाचाच विनोद म्हणायचा.

इंदूरच्या एका संस्थेत मी समुपदेशक म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. लोक विचारतात, "ताई, भीती नाही वाटायची?" मी नाही म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते. मला वाटायची. रोज वाटायची. माझं तर मत झालंय की या कामाला भित्रं माणूसच लावावं. शूर माणूस दार उघडून कोण आलंय ते बघतो. भित्रं माणूस आधी मागचं दार कुठे आहे ते बघून ठेवतं.

संपादकांनी सांगितलं होतं, कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळी अंक आहे, जरा हलकंफुलकं असू द्या. थोडं आहे हलकंफुलकं. ते आधी सांगून टाकते.

आमचं ऑफिस पलासियाला होतं, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. खाली लोक दात काढून घ्यायला यायचे, वर तोंड उघडायला. वर आलेल्या बाईला पहिल्यांदा विचारायचं असतं की तुझ्या घरात कोण कोण आहे. पण त्याचं उत्तर रेशनकार्डासारखं येतं. सासू, सासरे, नवरा, दीर, दोन मुलं. कोणाच्या शब्दावर घर हलतं, कोण कोणाला घाबरतं, अडीअडचणीला ही बाई कोणाच्या दारात जाईल, हे त्यातून काही कळत नाही. म्हणून आमच्या धंद्यात नात्यांचा नकाशा काढायची पद्धत आहे. आमच्या शेल्टरची अधीक्षक केतकी अमरावतीहून आलेली, रीतसर शिकलेली मुलगी. ती मोठ्या कागदावर वर्तुळं काढायची. जवळच्या नात्याला जाड रेघ, तुटलेल्याला तुटक, भांडणाला करवतीसारखी. दिसायला फार सुंदर दिसायचं ते.

माझ्यासमोर येणाऱ्या बायका मात्र हातात पेन्सिल दिली की अवघडून बसायच्या. शिवाय कागद मागे राहतो. नवऱ्याच्या हाती लागतो, वकील मागतो. म्हणून मी बटणं वापरायचे. आमची आई जुना कपडा फडक्याला काढायच्या आधी त्याची बटणं कापून चहाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. तो डबा मी ऑफिसात नेला. बाईला म्हणायचं, यातलं एक बटण तू. आता घरातल्या प्रत्येकासाठी एकेक निवड आणि टेबलावर मांड. ज्याचं चालतं त्याला मोठं घे, जो जवळचा त्याला जवळ ठेव. एवढंच सांगायचं. रंगाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, रंग ती आपणहून निवडते. बोलणं संपलं की हातानं सगळी बटणं गोळा करून डब्यात. नकाशा पुसला. कोर्ट काय नेणार?

एक रिटायर्ड बँकवाले काका आले होते. सून उपाशी ठेवते अशी तक्रार. बटणं मांडताना त्यांनी सुनेचं बटण स्वतःला चिकटवून ठेवलं आणि मुलाचं बटण हातात घेऊन बराच वेळ बसले. शेवटी ते टेबलावर न ठेवता खाली फरशीवर ठेवलं. तेच म्हणाले, "बहू तो पूछती है, खाना खाया क्या. लडका नहीं पूछता." तक्रार मागे घेऊन गेले. पुढच्या महिन्यात सुनेसाठी खाली दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावायला आले तेव्हा मला वर येऊन कचोरी देऊन गेले.

दुसरी गंमत म्हणावी की नाही ते तुम्हीच ठरवा. एक नवरा-बायको आले. त्याचं बोलणं साखरेच्या पाकातलं. बायको म्हणेल ते बरोबर, आपलंच चुकलं, आता सुधारतो. बटणंही त्यानं शहाण्यासारखी मांडली. दोघं जिना उतरायला लागल्यावर मी बटणं गोळा केली, तर बायकोचं म्हणून त्यानं ठेवलेलं लाल बटण कुठेच नाही. टेबलाखाली पाहिलं, खुर्ची हलवून पाहिली. मग लक्षात आलं. बटण त्यानं खिशात घातलं होतं. मी अनवाणी जिना उतरले आणि तिला म्हटलं, एक सही राहिलीय, वर या. तिला त्या दिवशी घरी जाऊ दिलं नाही. बटण खिशात घालणं हा काही गुन्हा नाही, आणि माझं चुकलंही असेल. पण भित्र्या माणसाला असं चुकायला परवडतं. उलट्या बाजूनं चुकणं परवडत नाही.

आता पूनमची गोष्ट. नावं सगळी बदलली आहेत.

पूनम राजवाड्यामागच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरातली धाकटी सून. सासरे नुकतेच वारलेले. घरात सासू, जेठ म्हणजे मोठा दीर, आणि नवरा. मोठी सूनही होती, ती त्या उन्हाळ्यात गच्चीवरून पडून गेली. पाय घसरला असं सगळ्यांनी सांगितलं, आणि ते सगळ्यांना पटलं. त्या वेळी पूनम गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे होती. पाय घसरला नव्हता हे तिनं पाहिलं होतं. हात कोणाचा होता तेही पाहिलं होतं. आणि ती तिथे होती हे घरात एका माणसाच्या लक्षात आलं होतं.

तिनं बटणं मांडली. जेठासाठी कोटाचं काळं मोठं बटण. नवऱ्यासाठी पायजम्याचं पांढरं, टेबलाच्या कडेला, आता पडेल की मग पडेल अशा जागी. सासूसाठी मात्र तिनं डबा ढवळून ढवळून एक बारीक मोत्याचं बटण शोधलं. ब्लाउजला असतं तसं. ते स्वतःच्या बटणाला अगदी चिकटवून ठेवलं.

मी विचारलं, सासूचा आधार आहे का तुला?

तिनं मान हलवली, पण हो की नाही ते कळेना. मग सांगायला लागली. अम्मांनी कधी हात उगारला नाही. आवाज चढवला नाही. तिला तिखट सोसत नाही म्हणून लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून अम्मा तिच्यासाठी भाजी वेगळी काढायच्या, मिरची घालायच्या आधी, वर गुळाचा खडा. जेठाणी गेल्यावरही एक दिवस चुकला नाही. "बस, उस दिन के बाद से," ती म्हणाली, "अम्मा मेरे कमरे में सोती हैं. अंदर से कुंडी नहीं लगाने देतीं. कहती हैं, बेटा, तुझे कुछ हो न जाए."

तुझे कुछ हो न जाए. हे वाक्य मी नंतर पुष्कळदा मनात म्हणून पाहिलं. कितीही मायेनं म्हटलं तरी ते धमकीसारखंच ऐकू येतं.

केतकीच्या कागदावर जवळ म्हणजे जाड रेघ, जाड रेघ म्हणजे आधार. टेबलावर तसं नसतं. काही बटणं जवळ असतात कारण ती दूर जाऊच देत नाहीत. मी मोत्याच्या बटणाकडे बघत होते, आणि कोटाच्या काळ्या बटणापेक्षा मला त्याचीच भीती वाटली. मोठ्या सुनेला मी कधी पाहिलं नाही. तिनं कोणासमोर अशी बटणं मांडली असती तर, हे मनातून जात नाही.

पूनमनं पोलिसात जबाब दिला आणि आम्ही तिला शेल्टरमध्ये ठेवलं. शेल्टर खजरान्याकडे होतं, एवढंच सांगते. आता ते तिथे नाहीही. त्याचा पत्ता आम्ही जिवापाड जपायचो. रिक्षा दोन गल्ल्या आधी सोडायची, साध्या शिपायाला घर दाखवायचं नाही, बायकांचे फोन केतकीच्या कपाटात. इतकंच काय, आत कोण राहतंय त्यांची नावं आम्ही संस्थेच्या अध्यक्षांनाही सांगत नसू. हा नियम त्यांनीच घातलेला.

अध्यक्षांना सगळे भाभीजी म्हणायचे. मोठ्या घरच्या, मोठ्या मनाच्या, मोठ्या आवाजाच्या. संस्था त्यांच्या ओळखींवर चालायची. इंदूरमध्ये कोणाच्या घरी बारसं, कोणाची पुण्यतिथी, कोणाचा नातू पास झाला, सगळं त्यांना ठाऊक, आणि त्या प्रत्येक प्रसंगाचं एक जेवण त्या शेल्टरला मिळवून द्यायच्या. आमच्याकडची पद्धत अशी की जेवण देणाऱ्यानं नुसतं पाठवायचं नाही, स्वतः येऊन आपल्या हातानं वाढायचं. त्याशिवाय पुण्य कसं पोचणार? खजराना मंदिरात गणपतीचं दर्शन घ्यायचं आणि येताना शेल्टरमध्ये पंगत वाढायची, असा लोकांचा क्रमच ठरलेला. पलासियाच्या ऑफिसात माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर अशा वाढणाऱ्यांचे फोटो लावले होते. हातात पळी, चेहऱ्यावर समाधान.

पूनमच्या सासरचे लोक ऑफिसात आले तेव्हा अम्मा माझ्यासमोर बसल्या. साठीच्या, डोक्यावरून पदर, हात मांडीवर. जेठ ओरडला, नवरा रडला, केस करतो म्हणाले, पेपरात देतो म्हणाले. अम्मांनी एकदाही पूनम कुठे आहे हे विचारलं नाही. त्या सारख्या माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होत्या. मला वाटलं, बाई नजर चुकवते आहे. जाताना हात जोडून म्हणाल्या, "पुण्य का काम करती हैं आप." मी घरी जाऊन तापात पडले. खरंच ताप होता, थर्मामीटर लावून पाहिला.

मग पितृपक्ष आला. पितृपक्षात शेल्टरला जेवणांचा तुटवडा नसतो, खीर-पुरी खाऊन बायका कंटाळतात. त्या दिवशी दुपारी माझी शेल्टरची फेरी होती. हॉलमध्ये पंगत मांडलेली, बायका बसायला लागलेल्या, पूनम पाण्याचे ग्लास ठेवून स्वतःच्या जागी टेकत होती. मी व्हरांड्यात उभी. फाटकाशी भाभीजींची गाडी थांबली. भाभीजी उतरल्या, आणि त्यांच्यामागून, डोक्यावरचा पदर सावरत, अम्मा.

ड्रायव्हर डिकीतून पातेली काढत होता. फाटकापासून हॉलपर्यंतचं अंगण फार मोठं नव्हतं.

मला ओरडायचं होतं, यांना आत घेऊ नका. पण तसं म्हटलं असतं तर अम्मांना हवं ते उत्तर माझ्याच तोंडून मिळालं असतं. इथे कोणी नाही, तर अडवता कशाला? आणि अडवलं नाही तर पंगतीत पहिल्याच ओळीत त्यांची सून बसलेली. भाभीजींना बाजूला घेऊन सांगावं तर त्यांचा आवाज खजराना मंदिरापर्यंत जाणारा.

मी हॉलमध्ये गेले. धावले नाही. पूनमजवळ वाकून तिच्या दंडाला धरलं. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता उठली. कोठीच्या खोलीला आतून कडी नव्हती. संडास-बाथरूमला होती. ती आत गेली. कडी लागल्याचा आवाज ऐकला आणि मग मी वळले.

अम्मा दारात उभ्या होत्या. पंगतीवरून त्यांची नजर हळूहळू फिरत गेली आणि एका जागी थांबली. रिकामी थाळी, अर्धा प्यायलेला ग्लास.

"यहाँ कौन बैठा था?" त्यांनी विचारलं. मग भाभीजींना म्हणाल्या, "सबको बिठाओ बहनजी. एक भी भूखा उठा तो मेरे उनको नहीं पहुँचेगा."

हॉलमध्ये कोणी हललं नाही. त्या सगळ्या बायका कुठून ना कुठून पळून आलेल्या होत्या. कोणाला काही सांगावं लागलं नाही. एकीनंही बाथरूमच्या दाराकडे मान वळवली नाही. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि त्या बघण्यानंच मला सुचलं. मी जाऊन त्या थाळीसमोर मांडी घालून बसले आणि पूनमच्या उष्ट्या ग्लासातलं पाणी प्याले.

भाभीजी हसल्या. "अरे दीदी, आज तुम भी पंगत में?"

"भूक लागली भाभीजी," मी म्हटलं. घाबरले की माझ्या तोंडून मराठीच येतं.

अम्मांनी वाढायला सुरुवात केली. पुरी, खीर, भोपळ्याची भाजी. प्रत्येकीसमोर थांबून, प्रत्येकीच्या तोंडाकडे बघून. माझ्यापाशी आल्या तेव्हा त्यांचा हात जराही हलला नाही. भाजी वाढली आणि पळी हातात धरून तिथेच उभ्या राहिल्या. मी घास घेईपर्यंत पुढे जाईनात. मी घास घेतला. ती भाजी इतकी झणझणीत होती की डोळ्यांत पाणी आलं.

"मिर्च ज़्यादा तो नहीं?"

"नाही, छान आहे."

"अच्छा है," त्या म्हणाल्या. "किसी-किसी से नहीं खाई जाती."

पंगत उठली, हात धुतले, नमस्कार झाले. भाभीजींनी भिंतीसाठी फोटो काढला. गाडी गेली. गल्लीचं वळण घेईपर्यंत मी फाटकात उभी होते. मग आत आले तर केतकी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी, हातात एक छोटा स्टीलचा डबा.

"ताई, हा वेगळा ठेवून गेल्यात. म्हणाल्या, जिसको मिर्च लगती हो, उसको दे देना. आपल्याकडे कोणाला चालत नाही तिखट?"

बाथरूमची कडी निघाली. पूनम बाहेर आली, तिनं ओट्याकडे पाहिलं आणि आहे तिथेच खाली बसली. तिनं डबा ओळखला होता. "ढक्कन मत खोलना," एवढंच म्हणाली.

त्याच दिवशी आम्ही तिला शहराबाहेर हलवलं. डबा पोलिसात दिला. ठाण्यातल्या एक मॅडम ओळखीच्या होत्या, त्यांनी तो तपासायला पाठवला. माझी खात्री होती की त्यात काहीतरी निघणार. काही निघालं नाही. नुसती भोपळ्याची भाजी. मिरची नाही, वर गुळाचा खडा. मॅडम म्हणाल्या, दीदी, याच्यावर काय गुन्हा लावू? सुनेला आवडती भाजी आणून दिली, यावर कलम नाही.

विष निघालं असतं तर मी इतकी घाबरले नसते. विषाला काहीतरी उपाय आहे. पोलीस आहेत, डॉक्टर आहेत. पण अम्मा आल्या, बघून गेल्या, आणि तू कुठेही जा, तुझी भाजी वेगळी काढलेली आहे, एवढं सांगून गेल्या. त्यात माया होती का? मी पूनमला विचारलं होतं. ती म्हणाली, "थी ना दीदी. वही तो."

पंगतीच्या दुसऱ्या दिवशी मी बटणांचा डबा घेऊन भाभीजींच्या घरी गेले. नोकरी जाईल या भीतीनं रस्त्यात दोनदा परत फिरले होते, तेही लिहून टाकते. म्हटलं, भाभीजी, आपली संस्था मांडा. त्यांना वाटलं खेळ आहे. स्वतःसाठी मोठं सोनेरी बटण घेतलं, ते मध्ये. देणगीदार त्यांच्याभोवती, अगदी लगत. मग वकील, पोलीस, सरकारी ऑफिस. मग आम्ही पगारी लोक. शेल्टरमधल्या बायका सगळ्यात शेवटी, टेबलाच्या टोकाला. मी त्यातलं एक बटण उचलून म्हटलं, ही पूनम. आणि मोत्याचं बटण त्यांच्या देणगीदारांत ठेवलं. ही तिची सासू.

भाभीजींचा आवाज मी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "दरवाज़ा मैंने खोला?"

दोघींनी मिळून उघडला होता. बायकांची नावं आम्ही त्यांच्यापासून लपवली, म्हणून त्यांना सासू ओळखता आली नाही. देणगीदारांची नावं त्यांनी आम्हाला कधी सांगितली नाहीत, कारण देणगीदार ही काय केस आहे? प्रत्येक बाईच्या भोवतीची माणसं आम्ही मांडायचो, वैरी शोधायचो. हातात पळी घेऊन येणाऱ्याचं बटण कोणी मांडलंच नाही. तो आपला माणूस. दोन्हीकडे नियम कडक होते, आणि दोन नियमांच्या मधून अम्मा आल्या.

भाभीजींनी त्या आठवड्यात पद्धत बंद केली. जेवण पलासियाला द्यायचं, वाढायला कोणी जायचं नाही. शेल्टरची जागा बदलली. पुष्कळ देणगीदार रुसले, काहींनी आमचं नाव टाकलं. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि बधल्या नाहीत. माझ्या मागच्या भिंतीवरचे फोटो त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून काढले.

ही गोष्ट इथे संपवली असती तर संपादक खूष झाले असते.

खटला अजून चालू आहे, म्हणून गच्चीवरचा तो हात कोणाचा ते मी लिहिलेलं नाही. पूनम दुसऱ्या राज्यात आहे, काम करते, दार लावून झोपते. तिची साक्ष व्हायची आहे. या थंडीत होईल असं सरकारी वकील म्हणतात. तिला निरोप द्यायचा तो माझ्यामार्फत, असं सुरुवातीपासून ठरलेलं. मी निवृत्त झाले, केतकी लग्न होऊन नाशिकला गेली, भाभीजी आता अंथरुणाला खिळल्या आहेत. पूनमपर्यंत जाणारी वाट माझ्या एकटीतून जाते. निरोप समारंभात बटणांचा डबा पुढच्या मुलीच्या हाती दिला तेव्हा मला वाटलं होतं, सुटलो आपण या टेबलावरून.

गेल्या पितृपक्षात, त्याच तिथीला, दुपारी घराची बेल वाजली. दारात एक म्हातारा ड्रायव्हर. हातात दोन डबे, एक मोठा, एक छोटा. "अम्माजी ने प्रसाद भेजा है. डिब्बे खाली करके दे दीजिए, मैं रुकता हूँ."

मी डबे घेऊन स्वयंपाकघरात आले. आपल्यात डबा रिकामा परत करत नाहीत. साखर तरी घालायचीच. आई म्हणायची, रिकामा डबा परत केला की नातं तोडल्यासारखं होतं, आणि भरून दिला की नातं पुढे चालू. मी मोठा डबा उघडला. खीर होती. पातेल्यात ओतली, डबा घासला, पुसला, मूठभर साखर घातली. अम्मांशी नातं तोडण्याइतकी धिटाई माझ्यात नाही.

छोट्या डब्याला हात लाववेना. माझ्या घरात मी एकटी, आणि मी तिखट खाते हे अम्मांनी स्वतः उभं राहून पाहिलंय. हा डबा ठेवून घेतला तर त्याचा अर्थ, ज्याचा आहे त्याला मी पोचवू शकते. मी तो न उघडता तसाच बाहेर नेला आणि म्हटलं, भैयाजी, हा चुकून आला. कमी तिखट खाणारं इथे कोणी नाही.

मला वाटलं, जमलं आपल्याला. आवाज कापला नाही, हातही नाही.

त्यानं डबा घेतला आणि पिशवीत नीट उभा ठेवला. "अम्माजी बोली थीं, दीदी छोटा वाला लौटा देंगी," तो म्हणाला. "बोलीं, लौटा दें तो अगले साल फिर ले जाना."

हे सगळं छापावं का, याचा मी खूप विचार केला. पण अम्मांना यात नवीन काही नाही. कोर्टाच्या तारखा त्यांच्या वकिलाला माझ्या आधी कळतात. त्यांना नवीन असणारी एकच गोष्ट आहे, ती मी इथे लिहिलेली नाही आणि दुसरीकडेही कुठे लिहिलेली नाही.

संपादकांना लेख गणपतीच्या आत हवा होता, म्हणून आज पाठवते आहे. तुम्ही हे वाचाल तेव्हा पितृपक्ष होऊन गेलेला असेल. ती तिथी, ती दुपार, सगळं पार पडलेलं असेल. मला ते अजून पुढे आहे. दाराला आतून दुसरी कडी बसवून घेतली आहे, आणि साखर आणून ठेवली आहे.